पगाराची स्लिप कुठे आहे?

पोरांनो, माझ्याकडे पेढ्यांचे पुडे आणू नका. ‘बाई, काम लागलं’ म्हणत तुम्ही घरी येता, पाया पडता आणि मी चार साध्या गोष्टी विचारल्या की एकमेकांच्या तोंडाकडे बघता. कंपनीचं नाव काय? हजेरी कोणाच्या रजिस्टरवर लागते, मिलच्या की ठेकेदाराच्या? पगाराची तारीख कोणती? पीएफचा बारा आकडी नंबर कुठे आहे? सुरतेजवळच्या कडोदऱ्यापासून पलसाण्यापर्यंत, वरेली, जोळवा, तांतीथैया, जिकडे बघावं तिकडे तुमच्यातला कोणी ना कोणी कापडाच्या मिलमध्ये जेट मशीनवर, स्टेंटरवर नाहीतर फोल्डिंगच्या टेबलाशी बारा बारा तास उभा आहे. आणि आपण नक्की कोणाकडे नोकरीला आहोत, हे त्याला सांगता येत नाही. मिलमालकाने मान खाली घालावी अशी ही गोष्ट आहे. पण मिलमालक माझ्या वर्गात नव्हता, तुम्ही होतात. म्हणून आज तुम्हालाच बोलणार आहे.

मी तुम्हाला गणित शिकवलं. महापालिकेच्या मराठी शाळेत, पत्र्याच्या शेडखाली, पावसाचा आवाज चढला की खडू टाकून ओरडून शिकवलं. शेकडेवारी, सरळव्याज, काळ-काम-वेग. तुमच्यातल्या काहींनी तर ही उदाहरणं तोंडी सोडवली आहेत. मग स्वतःच्या पगाराचं उदाहरण समोर आलं की पाटी कोरी का राहते?

‘मंदी आहे बाई, मिळतंय ते घ्यावं लागतं.’ हे उत्तर मला पाठ झालं आहे. मंदी आहे, मला दिसते. हिऱ्याचे कारखाने ओस पडले. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर पन्नास टक्के शुल्क लावलं तेव्हा सुरतेत किती घरांत चिंता शिरली तेही पाहिलं. मिलमध्ये ऑर्डर नसली की आठवड्याला दोन-दोन सुट्ट्या पडतात. हे सगळं खरं. पण मंदीमुळे काम मिळत नाही, इतकंच त्यातून सिद्ध होतं. काम करून घेतल्यावर पैसे का कापले, याचं उत्तर मंदी देत नाही. चालू यंत्रावर तू बारा तास उभा राहिलास, कापड निघालं, गाडी भरून रिंग रोडच्या मार्केटला गेलं. तिथे मंदी कुठे होती? तुझ्या पगारापाशीच ती कशी येऊन थांबते?

खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती तुम्ही बोलत नाही. तुम्हाला काम ओळखीने मिळतं. शिरपूर, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा, नंदुरबार इकडून ताप्ती लाइनच्या गाडीने माणूस येतो, चलथाणला नाहीतर उधन्याला उतरतो आणि गावच्याच कोणाच्या खोलीवर पिशवी टेकवतो. पहिले पंधरा दिवस तोच जेवू घालतो, तोच ठेकेदाराकडे नेतो. ही व्यवस्था वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. परक्या मुलखात आपल्या माणसांनी हात दिला नसता तर लिंबायत, उधना, डिंडोलीत एवढा खान्देश उभा राहिलाच नसता. पण त्या पंधरा दिवसांच्या जेवणाची फेड तुम्ही जन्मभर करत बसता. ठेकेदाराला हिशेब विचारायचा म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. ‘बाई, तो आपला माणूस शे.’ आपला माणूस आहे ना? मग त्याला विचारायला भीती कशाची? परक्याला विचारायला धीर लागतो, आपल्या माणसाला विचारायला हक्क पुरतो. तुम्ही धीरही दाखवत नाही आणि हक्कही सांगत नाही.

चला, पाटी घ्या. ठेकेदार म्हणाला, रोजचे सहाशे. तू हो म्हणालास. सहाशे किती तासांचे, हे विचारलंस का? कायद्यात आठवड्याचे तास अट्ठेचाळीस. आजचे नाहीत, १९४६ पासूनचे. त्यावरचा प्रत्येक तास जादा कामाचा आणि त्याचा दर दुप्पट. सहा दिवस रोज बारा तास म्हणजे बहात्तर तास. त्यातले चोवीस जादा, दुपटीने अट्ठेचाळीस. एकूण शहाण्णव तासांचे पैसे. म्हणजे बारा तासांच्या एका पाळीला आठ तासांचे दोन रोज मिळाले पाहिजेत. आता सहाशे रुपये हा आठ तासांचा रोज असेल, तर बारा तासांचे बाराशे होतात. आणि तो बारा तासांचाच रोज असेल, तर आठ तासांचे तुला मिळाले तीनशे. गुजरातचं कुठल्याही वर्गवारीतलं किमान वेतन बघ, तीनशेच्या कितीतरी वर आहे. ‘मला कमी मिळतं’ एवढंच तुला माहीत आहे. किती कमी मिळतं ते माहीत नाही, आणि आकडा माहीत नसलेल्या माणसाची तक्रार कोणी ऐकून घेत नाही.

‘आता बारा तासांचा कायदाच झालाय’ असं मला परवा एकाने ऐकवलं. अर्धवट ऐकून पूर्ण बोलायची ही सवय वर्गातही होती. गुजरातने २०२५ मध्ये पाळी बारा तासांपर्यंत नेण्याची मुभा दिली, खरं आहे. पण आठवड्याचे अट्ठेचाळीस तास तसेच ठेवले, कामगाराची लेखी संमती मागितली आणि जादा कामाचा दुप्पट दर काढला नाही. चार दिवस बारा तास केलेस की तुझा आठवडा भरला. पाचव्या आणि सहाव्या दिवशी जो प्रत्येक तास भरशील तो दुपटीचा. त्याच कायद्याने तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा एकशे पंचवीस तासांची ठेवली. तुझे होतात तीनशे बारा. चोवीस गुणिले तेरा करून बघ. तू लेखी संमती दिली होतीस का? कोऱ्या कागदावर सही केली असशील, तर तुझ्या संमतीत काय लिहायचं ते दुसऱ्याने ठरवलं आहे.

आणखी एक सांगते. एप्रिल २०२०, टाळेबंदीतला महिना. राज्य सरकारने अधिसूचना काढली की कारखान्यांना बारा तास काम घेता येईल आणि जादा तासांना दुप्पट नको, साधाच दर चालेल. एका कामगार संघटनेने, गुजरात मजदूर सभेने, सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १ ऑक्टोबर २०२० ला ती अधिसूचना रद्द झाली. महामारीचं संकट दाखवून कामगाराचा दुप्पट दर काढून घेता येणार नाही, असं देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने सांगितलं. जो हक्क राज्य सरकारला काढून घेता आला नाही, तो तुम्ही एका ठेकेदाराच्या खोलीत चहाच्या कपाबरोबर सोडून देता.

आता पीएफ. पंधरा हजार पगार धरू. बारा टक्के तुझे, अठराशे. बारा टक्के मालकाचे, अठराशे. तुझ्या पगारातून किती कापले? ‘छत्तीसशे, बाई. पीएफचे.’ अरे, त्यातले अठराशे त्याने स्वतःच्या खिशातून भरायचे असतात! तुझ्या पगारातून मालकाचा वाटा कापायला कायद्याची साफ मनाई आहे. आणि कापलेले छत्तीसशे तरी खात्यात गेले का? मोबाइलवर दिवसभर रील बघता, पासबुक उघडून बघायला पाच मिनिटं मिळाली नाहीत. महिन्याला छत्तीसशे, वर्षाला त्रेचाळीस हजार दोनशे. गावाकडे बापाने कापूस विकून वर्षाकाठी एवढे शिल्लक टाकले का, विचार त्याला.

पगाराच्या तारखेचंही तेच. कोणाला वीस तारखेला मिळतो, कोणाला पंचवीस तारखेला, मधे ‘खर्ची’ म्हणून हजार-दोन हजार हातावर ठेवले जातात आणि तुम्ही ते उपकार समजून घेता. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव मी तुम्हाला शिकवलं होतं. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेतली, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. त्यातली एक मागणी होती रविवारच्या सुट्टीची, ती १८९० मध्ये मिळाली आणि आज सगळा देश ती उपभोगतो. दुसरी मागणी होती, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या. १८८४! तेव्हा कामगाराला मत नव्हतं, राज्य इंग्रजांचं होतं, सह्या करणाऱ्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी अंगठे उठवून जे मागितलं ते तुम्ही दहावी-बारावी होऊन, काही जण तर बी.ए. होऊन, मागायला घाबरता. आजचा कायदा सात तारीख सांगतो. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पुरा करायला सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. त्या संहितांवर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि त्यांतले बरेच मला पटतात. पण जे त्यात तुमच्या बाजूने लिहिलंय ते तरी हातात घ्या.

कागद कशाला हवा, असं विचारणाऱ्यांना मी वरेलीची आठवण करून देते. १८ ऑक्टोबर २०२१, पहाट. पॅकेजिंगच्या कारखान्याला आग लागली, शंभरावर माणसं वरच्या मजल्यांवरून क्रेनने उतरवावी लागली, दोघं गेले. २०२५ च्या सप्टेंबरात जोळव्याच्या मिलमध्ये स्फोट झाला, तिथेही माणसं गेली. अशा वेळी बाहेर गेटवर कोण उभं असतं? बायको असते, भाऊ असतो आणि पहिला प्रश्न येतो, ‘रजिस्टरवर नाव आहे का?’ ज्याचं नाव आहे त्याच्या घरच्यांना ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, आश्रितांचं पेन्शन मागता येतं, नाहीतर भरपाईचा दावा करता येतो. ज्याचं नाव नाही त्याच्या घरच्यांना आधी हे सिद्ध करावं लागतं की आपला माणूस इथे कामाला होता. रोज बारा तास तिथे घाम गाळणाऱ्याचं अस्तित्व त्याच्या विधवेने सिद्ध करायचं! तू आज स्लिप मागत नाहीस, तेव्हा ते काम तू तिच्यावर टाकतोस.

आणि आता तू. ठेकेदार झालेला तू. तुझं नाव लिहीत नाही, पण तू हे वाचशील हे मला माहीत आहे.

तुझं कौतुक सगळ्यांत जास्त मी केलं होतं. धागा कटिंगपासून सुरुवात करून तू माणसं लावणारा झालास, गाडी घेतलीस, गावच्या देवळाला देणगी दिलीस. तुझ्या हाताखाली राबतात ती तुझ्याच गावची, तुझ्याच शाळेतली पोरं. त्यांना तू रोखीत पैसे देतोस, कागद देत नाहीस, वर म्हणतोस, ‘मी नसतो तर ही पोरं पारावर बसली असती.’ म्हणून तुला त्यांच्या पीएफचे पैसे ठेवून घ्यायचा अधिकार मिळाला का? मिल तुला माणसामागे किती देते आणि तू त्याला किती देतोस, हे दोन आकडे एका कागदावर लिहून त्याच्या आईसमोर वाचून दाखव. वाचवत नसतील तर ते पैसे तुझे नाहीत.

‘शेठच मला वेळेवर देत नाही’ हे तुझं गाऱ्हाणंही मी ऐकलं आहे. ते खोटं नाही. मिल तुला साठ-साठ दिवस लटकावते आणि तू तो सगळा ताण खालच्या पोरांवर सोडतोस, कारण खालचा माणूस ओरडत नाही. तुला शेजारच्याच तालुक्याची गोष्ट सांगते. बारडोली, १९२८. सरकारने शेतसारा बावीस टक्क्यांनी वाढवला तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी काय मागितलं? हिशेब! चौकशी करा, आकडे दाखवा, मगच सारा भरू. वल्लभभाई उभे राहिले, लोकांनी जमिनी आणि जनावरं जप्त होऊ दिली पण मागे हटले नाहीत. चौकशी झाली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. केवढा मोठा विजय! पण त्याच शेतांवर हळपती समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ‘हाळी’ म्हणून बांधलेली होती, लग्नासाठी घेतलेल्या उचलीपायी आयुष्य गहाण टाकून. त्यांचा हिशेब कोणी मांडला नाही. यान ब्रेमन नावाचे डच अभ्यासक १९६०च्या दशकापासून याच दक्षिण गुजरातच्या गावांत फिरून त्याबद्दल लिहीत आले. वरच्याकडे हिशेब मागणारा माणूस खालच्याला हिशेब देतोच असं नाही, हे या मातीने एकदा बघितलं आहे. तू ते पुन्हा करतो आहेस.

थंडीत चलथाणच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रस्त्याकडेला पालं पडतात, ती पाहिलीस ना? नवापूर, अक्कलकुवा, डांगकडून आलेली कोयतावाली कुटुंबं. नवरा-बायको मिळून एक कोयता, सोबत लहान पोर. मुकादमाची उचल घेऊन येतात, हंगाम संपला की उचल आणि व्याज वजा करून हातात काय पडेल ते घेऊन जातात. शंभराच्या उचलीचे दीडशे कापल्याच्या तक्रारी या पट्ट्यात जुन्या आहेत. त्या लोकांनी, ज्यांना तू अडाणी म्हणतोस, संघटना केली, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आणि २०२३ मध्ये गुजरात सरकारला तोडणीचा किमान दर टनाला २३८ वरून ४७६ रुपये करावा लागला. दुप्पट! कागदावरचा दर हातात पडायला अजून झगडावं लागतं, तरीही. पालात राहून, दर सहा महिन्यांनी गाव बदलून त्यांना जे जमलं ते पक्क्या खोलीत राहून, रोज त्याच गेटातून आत जाऊन तुम्हाला जमत नाही.

मुलींनो, तुम्हालाही सोडणार नाही. आणि तुमच्या भावांना तर मुळीच नाही. घरोघरी साड्यांचे गठ्ठे येतात. टिकल्या चिकटवायच्या, खडे लावायचे, लेस शिवायची, धागे कापायचे. दर नगावर. आई करते, वहिनी करते, शाळेतून आलेली धाकटी करते आणि घरातला कर्ता पोरगा शेजाऱ्याला सांगतो, ‘आमच्याकडे मी एकटाच कमावता.’ एकदा तरी घड्याळ लावून बसलास का तिच्याजवळ? एका साडीला किती मिनिटं लागली? किती रुपये मिळाले? गोंद कोणाच्या पैशाचा, वीज कोणाची, खराब निघालेल्या नगाचे पैसे कोणाच्या माथी? नगावर काम केलं तरी किमान वेतन चुकत नाही, हे गठ्ठा आणून टाकणाऱ्याला नक्की माहीत असतं. गल्लीतल्या वीस बायका वेगवेगळ्या दराने तेच काम करतात, कारण एकीने दुसरीला दर सांगितलेला नसतो. दर लपवण्यात कसली अब्रू? दुपारी ओट्यावर बसता तेव्हा सगळ्यांच्या सासवांचा हिशेब होतो. एकदा साडीचाही करा. आणि मिलमध्ये फोल्डिंगला उभ्या राहणाऱ्या मुलींनो, शेजारच्या मुलाचा पगार विचारा. त्याच कामाला बाईला कमी द्यायला १९७६ पासून कायद्याने बंदी आहे.

उरले ते पदवी घेऊन घरी बसलेले. तुमच्यासाठी माझ्याकडे जास्त शब्द नाहीत. भरतीची तयारी करा, अवश्य करा, पण किती वर्षं करायची ते ठरवून, वही-पेनाने ठरवून करा. आणि ‘सेटिंग’ करून नोकरी लावतो म्हणणाऱ्याला बापाच्या शेताचे पैसे देऊ नका. पैसे देऊन जागा मिळवलीत तर दुसऱ्याचा हक्क मारलात, आणि फसलात तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही. तोवर जे काम मिळेल ते करा. मिलमध्ये सुपरवायझरच्या हाताखाली हजेरी लिहिणारा शिकलेला पोरगा हवाच आहे. पण लिहिशील तर खरी हजेरी लिही. बारा तासांचे आठ तास लिहिणारी लेखणी माझ्या वर्गातून गेलेली असेल, तर ते मला सहन होणार नाही.

‘एकट्याने विचारलं तर उद्या गेटवरूनच परत पाठवतील.’ पाठवतील. हे भय मी खोटं म्हणत नाही आणि घरभाडं, पोराची फी, गावाकडचं कर्ज डोक्यावर असताना शहाणा माणूस एकट्याने जात नसतोच. मग एकट्याने जायला सांगितलं कोणी? गणपतीची वर्गणी काढायला पंधरा जण जमता. खोली बदलायची तर टेम्पो भरून माणसं येतात. पगाराची गोष्ट आली की प्रत्येक जण एकटा कसा होतो?

या महिन्यापासून वही घाला. शंभर पानी, आखीव. रोजची तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, मिळालेले पैसे, खर्ची, कापलेले पैसे. मोबाइलवर नाही, वहीत, रोजच्या रोज. पीएफचं पासबुक उघडून बघा. कापलेले पैसे त्यात नसतील तर ईपीएफओच्या पोर्टलवर तक्रार घाला. वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, म्हणजे मागचंही सगळं गेलेलं नाही. एका खात्यातले सात-आठ जण मिळून ठेकेदाराकडे जा, आवाज न चढवता स्लिप मागा. दिली नाही तर लेखी मागा, त्या कागदाचा फोटो ठेवा. तरीही दिली नाही तर सुरतेला श्रम विभागाच्या कार्यालयात अर्ज द्या. गुजराती लिहिता येत नसेल तर माझ्याकडे या, मी लिहून देईन, पण सह्या सगळ्यांच्या लागतील. ज्याला सही करायची नसेल त्याने चहाला येऊ नये.